लेस्टर सिटी कौन्सिलचा निकाल: ५३ वरून ३१, आणि मधले ते १९

सई_मिडलँड्स | ८ मे २०२३, दुपारी १:१०

राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाची सुट्टी आहे, घरात शांतता आहे, म्हणून तीन दिवस डोक्यात घोळत असलेलं एकदाचं लिहून काढते.

गुरुवारी, ४ मे ला, इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. देशभरात काय झालं ते तुम्ही वाचलं असेलच. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने हजाराहून जास्त जागा घालवल्या, लेबरने पाचशेहून जास्त मिळवल्या. आमच्या लेस्टरमध्ये मात्र उलटी गंगा वाहिली. २०१९ मध्ये इथल्या ५४ पैकी ५३ जागा लेबरकडे होत्या आणि उरलेली एक लिबरल डेमोक्रॅटकडे. कॉन्झर्व्हेटिव्हांचा एकही नगरसेवक निवडून आला नव्हता. आता लेबर ३१, कॉन्झर्व्हेटिव्ह १७, ग्रीन ३, लिबरल डेमोक्रॅट ३. ज्या रात्री देशभर लेबरचे लोक गुलाल उधळण्याच्या मनःस्थितीत होते, त्याच रात्री त्यांनी इथे २२ जागा घालवल्या. बहुमत राहिलं, सर पीटर सोल्सबी पुन्हा महापौर झाले, म्हणजे सत्ता गेलेली नाही. पण बेलग्रेव्ह, रशी मीड, नॉर्थ एव्हिंग्टन हे शहराच्या पूर्वेचे लेबरचे पिढीजात बालेकिल्ले कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेले.

भारतातल्या वाहिन्यांवर आणि व्हॉट्सॲपवर याचं एकच स्पष्टीकरण फिरतंय: हिंदूंनी लेबरला धडा शिकवला. ते सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण इथे राहून ही निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यामुळे मला सांगावंसं वाटतं की या गोष्टीचा मोठा भाग त्यात येतच नाही.

मोठा भाग असा. निवडणुकीच्या तोंडावर लेबरच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने लेस्टरमधली उमेदवार निवड स्थानिक सभासदांच्या हातून काढून घेतली. लंडनहून आलेल्या मंडळाने मुलाखती घेतल्या आणि १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटं कापली. १९! त्यातले बहुतेक अल्पसंख्याक समाजांतले. काहीजण वीस-वीस वर्षं त्याच गल्ल्यांतून फिरणारे. त्याआधी काही आठवडे महापौरपदच रद्द करावं असा ठराव कौन्सिलमध्ये आला होता, तो पडला, पण लेबरच्या काही नगरसेवकांनी पक्षाचा आदेश मोडून त्याला पाठिंबा दिला होता. म्हणजे घरातली भांडणं आधीच चव्हाट्यावर आली होती. तिकीट कापलेल्यांपैकी काही अपक्ष उभे राहिले, काही दुसऱ्या पक्षांत गेले, काही घरी बसले. घरी बसलेल्यांचं नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण ते बसले म्हणजे त्यांच्यामागे दारोदार जाणारी पंधरा-वीस माणसंही बसली.

मी मत द्यायला गेले तेव्हा पुढे एक वयस्कर गुजराती बाई होत्या. साडीवर जाड कोट, हातात बसचा पास, ओळखपत्र म्हणून तोच दाखवला. इथे मतदान केंद्रावर ओळखपत्र दाखवायची सक्ती याच वेळी पहिल्यांदा झाली. त्यांना दोन मतपत्रिका मिळाल्या, एक महापौराची, एक नगरसेवकांची. दुसरी लांबलचक. आडोशाआड दोरीला बांधलेली पेन्सिल असते, तिने फुली मारायची. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग कागद तसाच हातात धरून टेबलापाशी आल्या आणि तिथल्या मुलाला हळू आवाजात विचारलं, ‘आमच्या भाईंचं नाव कुठंय?’ मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं की जी नावं आहेत ती एवढीच. त्या परत गेल्या. कुणाला मत दिलं ते त्यांनाच माहीत.

कौन्सिल म्हणजे कचऱ्याच्या नारिंगी पिशव्या, रस्त्यावरचे खड्डे, म्हाताऱ्या आईला घरी मदतीला येणारी बाई, मुलाला शाळेत प्रवेश. यातल्या कशासाठी माणूस पक्षाच्या कार्यालयात जात नाही, ओळखीच्या नगरसेवकाकडे जातो. त्या ओळखीवर पक्ष चाळीस वर्षं मतं मिळवत होता. ती ओळखच त्याने पुसली, असं माझं ठाम मत आहे. इथे राहणाऱ्यांनी आणि बाहेरून पाहणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

बापू_सातारकर | ८ मे २०२३, सायंकाळी ७:२२

सईताई, चांगला धागा काढलात. माझ्यासारख्या लांबच्या माणसाचे साधे प्रश्न आहेत, ते आधी विचारून घेतो.

५४ पैकी ५३ जागा एका पक्षाला? एवढं तर आमच्याकडच्या साखर कारखान्यातही पॅनेलला जमत नाही. शहरात बाकीच्या पक्षांना मतंच नव्हती की काय? दुसरं, तो महापौर थेट जनतेने निवडलेला आहे म्हणता, मग नगरसेवकांचं काम काय उरतं? आणि आयुक्त कुठे बसतो?

---

सई_मिडलँड्स | ८ मे २०२३, रात्री ९:०५

बापूकाका, कारखान्याचं पॅनेल तुम्हीच काढलंत ते बरं झालं, कारण पद्धत जवळजवळ तीच आहे.

लेस्टरमध्ये २१ वॉर्ड आहेत, प्रत्येकात दोन किंवा तीन नगरसेवक. तिघांचा वॉर्ड असेल तर मतदाराला तीन मतं. ज्या तिघांना सर्वांत जास्त मतं पडतील ते निवडून आले. महाराष्ट्रातल्या प्रभागासारख्या अ, ब, क अशा वेगळ्या जागा नाहीत, आरक्षणही नाही. सगळी नावं एकाच यादीत आडनावाच्या क्रमाने. बहुतेक लोक आपल्या पक्षाच्या तिघांनाही मत देतात. समजा एका पक्षाच्या प्रत्येक उमेदवाराला १,८०० मतं पडली आणि दुसऱ्याच्या प्रत्येकाला १,७००. तर तिन्ही जागा पहिल्याच्या. असं वॉर्डामागून वॉर्ड होत गेलं की ५३ चा आकडा उभा राहतो, आणि दुसऱ्या पक्षाला मतं असूनही सभागृहात त्याचं कुणी दिसत नाही.

आता हेच उलट फिरवून पाहा. थोडी मतं इकडची तिकडे झाली, त्यात एखादा जुना नगरसेवक अपक्ष म्हणून उभा राहिला आणि त्याने आपल्या ओळखीची काही शे मतं नेली, की तिन्ही जागा एकदम हातच्या जातात. म्हणून २२ जागा गेल्या याचा अर्थ लेबरची तेवढ्या प्रमाणात मतं गेली असा होत नाही. ही पद्धत जिंकणाऱ्याला फार फुगवते आणि घसरणाऱ्याला फार खोल पाडते.

महापौराचं म्हणाल तर इथे आयुक्त नाहीच. म्हणजे नोकरशहांचा प्रमुख असतो, पण आपल्याकडच्या आयएएस आयुक्ताच्या हाती जी कार्यकारी सत्ता असते ती इथे महापौराकडे. २०११ पासून लेस्टरचा महापौर थेट निवडला जातो आणि तेव्हापासून सोल्सबीच आहेत. त्याआधी ते लेस्टर साऊथचे खासदार होते, त्याही आधी १९८० च्या दशकात कौन्सिलचे नेते. शिवाय लॉर्ड मेयर म्हणून एक वेगळं पद आहे, लाल झगा आणि सोन्याची साखळी घालून समारंभांना जाणारं. २००८ मध्ये मंजुळा सूद लॉर्ड मेयर झाल्या तेव्हा त्या पदावर बसलेल्या ब्रिटनमधल्या पहिल्या आशियाई महिला होत्या. मान मोठा, अधिकार नाहीत. मुंबईचा महापौर त्या लॉर्ड मेयरच्या जवळचा आहे.

नगरसेवकांचं काम काय उरतं, हाच प्रश्न त्या रद्द करण्याच्या ठरावामागे होता. सगळे मोठे निर्णय एका माणसाच्या खोलीत होत असतील तर ५४ जण कशाला, असं लेबरचेच लोक म्हणू लागले होते.

महापौराच्या निकालात एक गोष्ट फारशी कुणी बोललेलं नाही. आधी महापौराला पहिली आणि दुसरी पसंती द्यायची पद्धत होती. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिले दोन ठेवून बाकीच्यांची दुसरी पसंती मोजायची. २०२२ च्या कायद्याने ती पद्धत काढून टाकली. २०१९ मध्ये सोल्सबींना पहिल्याच मोजणीत निम्म्याच्या बऱ्याच वर मतं होती. या वेळी ते निम्म्याच्या खाली आले, तरी पहिले आले म्हणून निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर कॉन्झर्व्हेटिव्हांचे संजय मोढवाडिया. दुसरी पसंती मोजली असती तर काय झालं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

---

नीरज_ल | ९ मे २०२३, सकाळी ८:१५

सईताई, तुमचं तिकिटांचं विश्लेषण पटलं, पण तुम्ही हिंदू मतांचा मुद्दा फार हळूच बाजूला ठेवलात. मी लेस्टर ईस्टमध्ये राहतो आणि मला हे स्पष्ट लिहायचं आहे.

हे गेल्या वर्षी सुरू झालेलं नाही. कीथ वाझ १९८७ पासून इथले खासदार. २०१७ मध्ये त्यांचं मताधिक्य होतं २२,४२८. सप्टेंबर २०१९ मध्ये लेबरच्या अधिवेशनात काश्मीरवर भारतावर टीका करणारा ठराव झाला. त्याच डिसेंबरात वाझ उभे राहिले नाहीत, पक्षाने लंडनहून क्लॉडिया वेब यांना आणलं आणि मताधिक्य उतरलं ६,०१९ वर. दोन वर्षांत सोळा हजारांची घट! तेव्हाच घंटा वाजली होती.

मग २०२२. ऑगस्टच्या शेवटी आशिया चषकातला भारत-पाकिस्तान सामना, त्यानंतर तीन आठवडे धुसफूस आणि १७ सप्टेंबरला हिंदू-मुस्लिम तरुण समोरासमोर आले ती दंगलीची संध्याकाळ. माझ्या ओळखीच्या कुटुंबांनी त्या रात्री दारावरची तोरणं काढून ठेवली. मी हे ऐकीव सांगत नाही. त्यानंतर लोकांना वाटत होतं की ज्या पक्षाला आपण पिढ्यान् पिढ्या मत दिलं तो पक्ष येऊन विचारपूस करेल. ती झाली नाही अशी भावना आहे, आणि ती खरी आहे. त्या रागाला मतपेटीत वाट मिळाली.

---

सोलापुरी_रेहाना | ९ मे २०२३, दुपारी १२:४८

नीरजभाऊ, तुमच्या ओळखीच्या घरांनी तोरणं काढली हे वाचून वाईट वाटलं. मनापासून लिहितेय.

त्याच रात्री आमच्या घरी माझे सासरे मशिदीतून परत येईपर्यंत कुणी जेवलं नाही. फोनवर एकामागून एक निरोप येत होते. एका मुलीला पळवायचा प्रयत्न झाला म्हणे, मशिदीवर हल्ला झाला म्हणे. मुलीची गोष्ट खोटी असल्याचं पोलिसांनी नंतर जाहीर सांगितलं. पण ती खोटी ठरेपर्यंत पोरं रस्त्यावर उतरलेली होती. तुमच्याकडे दुसरे निरोप आले असतील. तेही तसेच.

मी सोलापूरची, घरात दखनी आणि मराठी दोन्ही. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला भाकरीचं पीठ कुठे मिळतं ते दाखवलं बेलग्रेव्ह रोडवरच्या एका हिंदू दुकानदार काकींनी. हे शहर असं आहे. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरची वस्ती तीन लाख अडुसष्ट हजार. त्यात ख्रिश्चन साधारण २५ टक्के, मुस्लिम साडेतेवीस, हिंदू अठरा. कुणाचंच बहुमत नाही. इथे कुणालाही एकट्याच्या बळावर शहर चालवता येत नाही.

आता निकालाचं. राग सगळ्यांना होता. कापलेले सगळे एका धर्माचे नव्हते. आमच्या भागातही लोक विचारत होते की लंडनच्या माणसांना आमच्या गल्लीतलं काय कळतं. फरक इतकाच की आमच्याकडच्या रागाला कॉन्झर्व्हेटिव्हांकडे जायची वाट नव्हती, म्हणून तो या वेळी आकड्यांत दिसला नाही. पुढच्या वेळी दिसेल, माझं वाक्य लक्षात ठेवा.

आणि एक विनंती. ‘हिंदूंनी धडा शिकवला’ असं भारतातल्या वाहिनीवर म्हटलं की दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात आम्ही आया एकमेकींकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. ते इथल्यांना सोसावं लागतं. निकालाची कारणं मोजताना तेवढं भान ठेवावं.

---

नीरज_ल | ९ मे २०२३, दुपारी २:३०

रेहानाताई, तुमचं म्हणणं पोचलं. रागाची वाट कुठे मोकळी होती आणि कुठे नव्हती हा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. तरी माझं मत कायम आहे की बेलग्रेव्हसारख्या वॉर्डात लेबर हरणं केवळ तिकिटांमुळे झालं नसतं. तिकिटं कापली ही ठिणगी, दारू आधीच कोरडी होती.

---

जुना_नैरोबीकर | १० मे २०२३, रात्री ११:१७

मी ह्या शहरात १९७३ पासून आहे. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी रत्नागिरीहून पूर्व आफ्रिकेत गेले, आम्ही भावंडं तिथे जन्मलो. तरुण मंडळी २०१९ आणि २०२२ पासून हिशेब मांडताहेत, म्हणून थोडं मागचं सांगतो.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले. सप्टेंबरात ‘युगांडा आर्गस’ ह्या तिथल्या वर्तमानपत्रात ह्याच लेस्टर कौन्सिलने जाहिरात दिली. मतलब असा की आमच्याकडची घरं, शाळा, दवाखाने भरलेले आहेत, तुमच्या कुटुंबाच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. ती जाहिरात वाचून लेस्टरचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं, आणि लोक आले. तेव्हा कौन्सिल लेबरचीच होती.

१९७४ च्या मे महिन्यात इम्पीरियल टाइपरायटरच्या कारखान्यात आपल्या लोकांचा संप झाला. पहिल्या दिवशी ३९ जण बाहेर पडले, पुढे ते पाचशेच्या घरात गेले. मागणी बोनसची आणि बरोबरीच्या वागणुकीची. स्थानिक युनियनने त्यांना पाठिंबा दिला नाही. म्हणजे लेबर आणि युनियन ह्यांनी आम्हाला पायघड्या घातल्या असं कुणी समजू नये. पण समोर रस्त्यावर नॅशनल फ्रंट ह्या गोऱ्या वंशवादी पक्षाचे मोर्चे निघत होते, ‘परत जा’ म्हणून भिंती रंगवलेल्या असत. त्या काळात लेबरमध्ये काही माणसं अशी निघाली की जी आमच्या बाजूने उभी राहिली. आमच्यातल्या पोरांनी पक्षात शिरून, सभांना बसून, पत्रकं वाटून एकेक वॉर्ड मिळवला. कुणी दिला नाही.

ही जी १९ माणसं कापली, त्यात त्या पिढीच्या हाताखाली शिकलेली माणसं होती. म्हणून आमच्या वयाच्या लोकांना हे लागलं. सईबाईंनी ‘ओळख पुसली’ असं लिहिलं आहे. मी म्हणेन, पन्नास वर्षांच्या कष्टांची दखल न घेता एका मुलाखतीत निकाल लावला. कापायची असतात, मान्य. सगळेच चांगलं काम करत होते असंही नाही, काही तर फक्त समारंभात दिसायचे. पण कापणाऱ्याने ह्या शहरात राहायला हवं होतं, दुसऱ्या दिवशी दुकानात समोर यायला हवं होतं.

मी ह्या वेळीही लेबरलाच मत दिलं. माझ्या मुलाने दिलं नाही. जेवणाच्या टेबलावर आम्ही त्यावर बोललो, भांडलो नाही.

---

विदुला_पुणे | ११ मे २०२३, सकाळी १०:०२

वाचतेय सगळं. नैरोबीकर आजोबांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तुमच्याकडे नगरसेवक बदलले म्हणून चर्चा चालू आहे, आमच्याकडे नगरसेवकच नाहीत. पुणे, मुंबई आणि बऱ्याच महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. आमच्या सोसायटीच्या मागच्या नाल्याचं काम कुणाला विचारायचं ते कळत नाही. आधीच्या नगरसेविका अजूनही फोन उचलतात, येतातही, पण त्यांच्याकडे ना निधी ना सही. माणूस ओळखीचा आहे आणि अधिकार नाही, अशी आमची अडचण. सईताईंच्या शहरात अधिकार आहे आणि माणूस अनोळखी. दोन्हीकडे त्रास शेवटी नाल्याशेजारी राहणाऱ्यालाच.

---

ओंकार_डीएमयू | ११ मे २०२३, सायंकाळी ६:४०

नमस्कार, मी इथे सप्टेंबरात एमएससीला आलो. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि विद्यार्थी व्हिसा. वर्गातला एक मुलगा म्हणाला की त्याने गेल्या गुरुवारी मत दिलं, तोही नागपूरचा. हे कसं शक्य आहे? नागरिक नसताना मत दिलं तर पुढे व्हिसाला अडचण नाही ना येणार?

---

सई_मिडलँड्स | ११ मे २०२३, रात्री ८:२६

ओंकार, काही अडचण येत नाही, तो तुझा हक्क आहे. भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीर व्हिसावर इथे राहत असेल तर त्याला कौन्सिलच्याच काय, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. किती वर्षं राहिलास याची अट नाही. विद्यार्थी असलास तरी चालतं.

फक्त नाव मतदार यादीत हवं. ऑनलाइन नोंदणी होते, पाच मिनिटांचं काम. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस ही शेवटची मुदत असते, तेवढी पाळायची. केंद्रावर ओळखपत्र म्हणून तुझा भारतीय पासपोर्ट चालतो. ज्यांच्याकडे चालणारं काहीच ओळखपत्र नाही त्यांना मोफत मतदार प्रमाणपत्र मिळतं. या वेळी देशभरात बरेच जण ओळखपत्राविना गेले आणि परत पाठवले गेले. वयस्करांचा बसचा पास चालतो, तरुणांचं रेल्वे सवलतीचं कार्ड चालत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

आपली कितीतरी मराठी मंडळी इथे आयटीत आणि दवाखान्यांत कामाला आहेत. दहा-दहा वर्षं कौन्सिल टॅक्स भरतात, दरवर्षी तो जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढला की गटावर चिडून लिहितात, आणि मतदार यादीत नाव नसतं. गणेशोत्सवाच्या मंडपात एक टेबल टाकून नोंदणी करून द्यावी असं मी मंडळाला सुचवणार आहे. कोण कोण येईल मदतीला?

---

सोलापुरी_रेहाना | ११ मे २०२३, रात्री ८:५१

मी येते. नवऱ्याचा लॅपटॉपही आणते.

---

नीरज_ल | ११ मे २०२३, रात्री ९:१०

मीही.

---

बापू_सातारकर | १२ मे २०२३, सकाळी ७:३५

एक शंका. मत देता येतं, मग उभं राहता येतं का? आणि डिपॉझिट किती?

---

सई_मिडलँड्स | १२ मे २०२३, दुपारी १:२०

कायम वास्तव्याचा परवाना असेल तर भारतीय नागरिकालाही कौन्सिलला उभं राहता येतं. त्या शहराच्या मतदार यादीत नाव असलं पाहिजे, किंवा वर्षभर तिथे राहत वा काम करत असलं पाहिजे, आणि स्वतः कौन्सिलच्या नोकरीत नसलं पाहिजे. नगरसेवकपदाला डिपॉझिट नाहीच, काका. अर्जावर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. महापौरपदाला मात्र ५०० पौंड भरावे लागतात. पगार नसतो, मानधन असतं, आणि त्यात घर चालत नाही, म्हणून बहुतेक नगरसेवक नोकरी सांभाळून हे करतात.

---

नीरज_ल | ६ जुलै २०२४, सकाळी ९:५५

धागा वर आणतोय, कारण रेहानाताईंचं ‘लक्षात ठेवा’ मी लक्षात ठेवलं होतं.

गुरुवारी लोकसभा म्हणावी तशी इथली सार्वत्रिक निवडणूक झाली. लेबरची देशभर लाट, चारशेच्या वर जागा. आणि लेस्टरमध्ये? लेस्टर ईस्ट कॉन्झर्व्हेटिव्हांच्या शिवानी राजा यांनी ४,४२६ मतांनी जिंकली. कॉन्झर्व्हेटिव्हांनी अख्ख्या देशात दुसऱ्या पक्षाकडून मिळवलेली ही एकमेव जागा. त्या मतदारसंघात लेबरने लंडनचे उपमहापौर राहिलेले राजेश अग्रवाल आणले होते, क्लॉडिया वेब अपक्ष, कीथ वाझ वेगळ्या पक्षाकडून. लेबरची जुनी मतं अशी तिघांत फाटली. आणि लेस्टर साऊथमध्ये लेबरचे जॉन ॲशवर्थ, जे मंत्री होणार म्हणून सगळे धरून चालले होते, ते अपक्ष शौकत ॲडम यांच्याकडून ९७९ मतांनी हरले. गाझाच्या प्रश्नावर. तिसरी जागा, लेस्टर वेस्ट, लिझ केंडल यांनी राखली.

एकाच शहरात, एकाच रात्री, पूर्वेला एका बाजूने आणि दक्षिणेला दुसऱ्या बाजूने लेबर पडली. रेहानाताई, तुमच्या भागातल्या रागाला वाट सापडली.

---

सोलापुरी_रेहाना | ६ जुलै २०२४, दुपारी ३:१२

सापडली खरी. मला आनंद झाला असं मात्र म्हणणार नाही. खासदार गाझावर बोलतील, बोलायलाच हवं, मीही त्याच कारणाने विचार करून मत दिलं. पण घराच्या ओलीच्या तक्रारीसाठी, शाळेच्या जागेसाठी मला अजूनही नगरसेवकच लागतो. तुमच्या पूर्वेकडच्या सतरा जणांनी वर्षभरात काय केलं ते सांगा. निवडून कुणी का येईना, शनिवारी वाचनालयात येऊन बसतात का?

---

नीरज_ल | ६ जुलै २०२४, दुपारी ४:४०

आमच्याकडचा एक नियमित बसतो, रांग असते. बाकीच्या दोघांचं मला खात्रीने सांगता येणार नाही. पुढच्या शनिवारी जाऊन बघतो आणि इथे लिहितो. हा हिशेब मी मागायलाच हवा, मीच मत दिलं आहे.

---

विदुला_पुणे | १७ जानेवारी २०२६, सकाळी ११:३०

जुना धागा आहे, पण राहवलं नाही. परवा, १५ तारखेला, आम्ही अखेर महापालिकेला मतदान केलं. जवळजवळ चार वर्षांनी! पुण्यात १६५ जागा, ४१ प्रभाग, बहुतेक चार-चार जणांचे. सईताई, तुम्ही सांगितलेला फरक मशिनपाशी आठवला: आमच्याकडे अ, ब, क, ड अशी चार मतं वेगवेगळी द्यायची आणि चारही दिल्याशिवाय सुटका नाही. मागच्या आजींनी एकच बटण दाबलं आणि निघाल्या, तर कर्मचाऱ्याने परत बोलावलं.

ज्या नगरसेविकांबद्दल मी लिहिलं होतं त्यांना या वेळी तिकीट मिळालं नाही. पक्षाने बाहेरून आलेला माणूस उभा केला. आमच्या इमारतीत काय चर्चा चालू आहे त्याचा तुम्हा लेस्टरकरांना अंदाज येईल.

---

जुना_नैरोबीकर | १७ जानेवारी २०२६, रात्री १०:०८

विदुलाबाई, त्या बाईंना जाऊन भेटा. आमच्याकडच्या त्या १९ जणांपैकी एकाला मी हल्ली उद्यानात भेटतो. निवडणुकीनंतर पहिले सहा महिने त्यांच्याकडे कुणीच गेलं नाही, असं ते म्हणाले.

---

ओंकार_डीएमयू | १८ जानेवारी २०२६, दुपारी १२:१५

मी शिकून आता इथेच नोकरीला लागलो आणि कामासाठी घर बदललं. पत्ता बदलला की मतदार यादीत नाव आपोआप जातं, की पुन्हा अर्ज करायचा?

---

सई_मिडलँड्स | १८ जानेवारी २०२६, दुपारी १:०३

आपोआप होत नाही. नव्या पत्त्यावरून पुन्हा नोंदणी कर, जुन्यासारखंच ऑनलाइन. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हाताशी ठेव. आणि घरात आणखी तीन मुलं राहतात म्हणाला होतास, त्यांनाही त्याच वेळी बसव.